मांडीवरची दोन बोटं

ताईच्या घरात दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि एक न्हाणीघर. दाराच्या चौकटी पाच. त्यांतल्या तीन चौकटींची दारं काढून माळ्यावर टाकलेली. आरसे सात, त्यांतला एक शेगडीच्या वर, म्हणजे पाठमोरं उभं राहिलं तरी मागे कोण आलं ते दिसावं. बेलला जोडलेले दिवे चार. दोन खोल्यांच्या मधोमध जमिनीत एक सैल लाकडी फळी. तिच्यावर पाय आपटला की हादरा टेबलापर्यंत जातो. घरात हाक मारायची ती जागा. माणसं चार. ऐकणारे कान शून्य, आणि मी राहायला आले की दोन.

मी ताईची धाकटी बहीण. फिजिक्स घेऊन पदवी केली आणि आता कारखान्यांतल्या यंत्रांची कंपनं मोजायच्या नोकरीत आहे. मोजायची खोड त्याच्या आधीची. बहिऱ्या माणसांत नाव तोंडाने घेत नाहीत, प्रत्येकाला एक खूण मिळते. माझी खूण म्हणजे अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायचा. मोजणी. ती भाऊजींनी दिली, त्यांच्या लग्नात मी पंगतीतली माणसं मोजत होते म्हणून.

ताई आणि भाऊजी दोघंही जन्मापासून बहिरे. दवाखान्यात कर्णबधिर म्हणतात. ताई म्हणते, शब्द लांबवला म्हणून काय ऐकू येणार आहे? त्यांच्या दोन मुली. मोठी सात वर्षांची, तिची खूण दोन वेण्या. छोटी दोन वर्षं चार महिन्यांची, तिची खूण गालात खुपसलेलं बोट, कारण तिथे खळी पडते. दोघींनाही ऐकू येत नाही.

भाऊजी लेथवर टर्नर आहेत. बाकीचे कामगार कानात बोळे घालून वैतागलेले असतात, तेव्हा हे आपले निवांत. मशीनच्या अंगाला तळहात टेकवून बेअरिंग जाणार हे सांगतात. एकदा माझ्यासमोर म्हणाले, ‘मागचं. आठवडाभर टिकेल.’ माझ्या मीटरवर तेव्हा काहीच दिसत नव्हतं. ते बेअरिंग सहाव्या दिवशी गेलं.

मुलगी मांडीवर असली की त्यांची दोन बोटं तिच्या मांडीवर असतात. जिना चढून कुणी आलं, ट्रक गेला, शेजाऱ्यांनी कपाट ओढलं, की ती बोटं टकटक करतात: बघ. पोर मान वळवून बघतं. मोठीही अशीच वाढली. शिंकताना आपले डोळे मिटतात, तसं ते होतं. भाऊजींना विचारलं तर त्यांना सांगताही आलं नसतं.

गेलं वर्षभर छोटीच्या कॉक्लिअर इम्प्लांटचं चाललं होतं. कानामागे ऑपरेशन करून आत एक तार सोडतात, बाहेर एक यंत्र बसवतात. मोठीच्या वेळी दोघांनी विचार न करताच नको म्हटलं होतं. आता डॉक्टर म्हणाले, सात वर्षांच्या मुलीला फारसा उपयोग नाही, ऐकायला शिकायचं मेंदूचं वय निघून गेलं. छोटीचं अजून आहे. या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी ऑपरेशनची यादी बंद होणार होती. पुढची यादी कधी, ते कुणी छातीठोक सांगेना.

‘डोकं फाडायचं,’ भाऊजी म्हणाले. खुणांनी, अर्थात. आम्ही बाहेरच्या खोलीतल्या टेबलाभोवती बसलो होतो. ‘दोन वर्षांच्या पोरीचं.’

‘डोकं नाही. कानामागे,’ ताई म्हणाली.

‘कानामागे काय भोपळा असतो? डोकंच ना ते?’ मग त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. ‘माझ्यात काय कमी आहे?’

‘यादी करायला कागद आणू?’

मी हसले. भाऊजीही हसले, पण विषय सोडला नाही. ‘नोकरी आहे. घर आहे. बायको आहे, तोंडाळ असली तरी.’

‘आणि बँकेत जायचं तर ही लागते,’ ताईने माझ्याकडे बोट केलं. ‘दवाखान्यात ही. शाळेत ही. हिचं लग्न झालं म्हणजे?’

‘हिच्या मापात बसणारा नवरा मिळेपर्यंत आपण म्हातारे होऊ.’

मोठी इतका वेळ आमचे हात बघत होती. तिने टेबलावर थाप मारून सगळ्यांचं लक्ष वेधलं. ‘छोटी ऐकायला लागली की माझ्याशी कशाने बोलेल?’

‘हातांनीच,’ ताई म्हणाली.

‘मग तू आजीशी तोंडाने का बोलतेस?’

आजी म्हणजे माझी आणि ताईची आई. तिला खुणा येत नाहीत. ताई तिच्या ओठांकडे बघत, अंदाजाने, घोगऱ्या आवाजात तिच्याशी बोलते. भाऊजींनी मोठीच्या वेणीचं रिबन उगाच सोडून पुन्हा बांधलं.

तोडगा ताईने काढला. ‘बुधवारी शेवटची तपासणी. तिचं तिला थोडं जरी ऐकू येत असेल, कितीही थोडं, तर तिला हात लावायचा नाही. काहीच येत नसेल तर ऑपरेशन. मग कुणी कुरकुर करायची नाही.’

भाऊजींनी बराच वेळ टेबलाची कड अंगठ्याने घासली. मग मान हलवली. मापात असेल तर पास, नसेल तर नाही, हे त्यांच्या रोजच्या कामातलंच होतं.

‘आणि आकडा मोजणीने सांगायचा,’ ताई म्हणाली. मोजणी म्हणजे मी.

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. आपली दोन माणसं एका गोष्टीवरून झुरताना रोज बघायचं, आणि आपल्याला दोघांचंही म्हणणं पटत असतं. त्यापेक्षा आकडा बरा.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. ‘ठरलं का गं?’

मी काय ठरलं ते सांगितलं.

‘तपासणीवर काय सोडता? तुझी ताई एवढीच होती, तेव्हा मी रोज तिच्या पाठीमागे पातेलं आपटायचे. वर्षभर. रोज वाटायचं, आज वळेल. तेव्हा मला कुणी असलं काही देऊ केलं असतं ना, तर मी धावत गेले असते.’

‘आणि ताई काय म्हणाली असती?’

‘दोन वर्षांचं पोर काय म्हणणार?’ आई म्हणाली. मग म्हणाली, ‘पातेल्याला पोचा पडला होता. तुझ्या बाबांना मी सांगितलं, हातातून पडलं.’

तपासणीची खोली साधारण तीन मीटर बाय तीन मीटरची. भिंतींना जाड फोम, जमीन लाकडी आणि थोडी उचललेली, वर गालिचा. दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर, प्रत्येकाखाली काळ्या काचेची पेटी आणि आत खेळण्यातलं माकड. आवाज सोडायचा, मूल वळलं की पेटीत दिवा लागतो आणि माकड ढोल बडवतं. मुलाला ते आवडतं, म्हणून ते पुढच्या आवाजाची वाट बघतं. भाऊजी मधल्या खुर्चीवर, छोटी त्यांच्या मांडीवर. समोर ताई कापडी ससा घेऊन, छोटीची नजर मधे राहावी म्हणून. खिडकीच्या काचेअलीकडे तपासणीच्या बाई यंत्रापाशी, आणि त्यांच्या शेजारी दुभाषी म्हणून मी.

छोटी झोपलेली असताना केलेल्या आधीच्या तपासणीत वरच्या पट्टीतल्या आवाजांना काहीच प्रतिसाद नव्हता. पण खालच्या पट्टीतल्या, घुमणाऱ्या आवाजांबद्दल ती तपासणी फारसं सांगत नाही. त्यासाठी ही खोली होती.

बाईंनी चार हजार हर्ट्झपासून सुरुवात केली. काही नाही. दोन हजार, एक हजार, काही नाही. शंभर डेसिबलपर्यंत चढवलं तरी छोटी सशाचा कान चावत राहिली. मग पाचशे हर्ट्झ. पंच्याऐंशी डेसिबलला तिने मान वळवली.

बाई पुढे झुकल्या. पुन्हा सोडला. पुन्हा वळली. अडीचशे हर्ट्झला तर ऐंशी डेसिबललाच वळली. कधी आधी चुकीच्या स्पीकरकडे बघायची, पण बाई म्हणाल्या, खालच्या आवाजांची दिशा मुलांना पटकन कळत नाही.

मला तेव्हा भाऊजींची दोन बोटं दिसत होती. दिसली, आणि मी त्यांचा विचार केला नाही. ती तिथेच असायची.

डॉक्टरांनी आलेख बघितला. ‘खाली थोडं शिल्लक आहे. ऑपरेशनमध्ये तेही जाऊ शकतं. जोरकस श्रवणयंत्र लावून सहा महिने बघू. या यादीत नको.’

मी ते हातांनी सांगितलं. भाऊजींनी पुन्हा सांगायला लावलं. मग आकडे विचारले. मग बाहेरच्या लांबलचक वऱ्हांड्यात छोटीला डोक्यावर घेऊन त्यांनी असा काही नाच केला, की औषधांची ढकलगाडी नेणारा माणूस भिंतीला चिकटून उभा राहिला. मोठी त्यांच्या शर्टाला लोंबकळत होती. ताई हसली. बाकीच्यांपेक्षा जरा उशिरा हसली.

चार दिवस घर हलकं होतं. भाऊजी कामावरून येताना शीळ घातल्यासारखं तोंड करायचे. आवाज निघायचा नाही, नुसतीच हवा. मला म्हणाले, ‘ऐकणारे लोक तोंडात घास घेऊन बोलतात. आम्ही हातात घास घेऊन बोलतो. छोटी आता दोन्ही करेल, तिचं जेवण कधी होणार?’

रविवारी दुपारी ते टेबलावर कोपर टेकवून पेपर वाचत होते. छोटी मांडीवर. रस्त्याने एक मोठा ट्रक गेला. मला तो ऐकू आला, भाऊजींना टेबलातून कळला. डोळे पेपरवर ठेवूनच त्यांची दोन बोटं टकटक झाली. छोटी वळली. आणि तिने खोलीच्या कोपऱ्यांत बघितलं, आधी डावीकडे, मग उजवीकडे. माकड शोधलं.

माझ्या कामाच्या पिशवीत मुठीएवढं एक यंत्र असतं. मीटर बरोबर आहे की नाही ते बघण्यासाठी ते ठरावीक कंपन देतं. त्याचा आवाज हातभर अंतरावरून मलाही ऐकू येत नाही. मी पिशवीतून ते काढलं, टेबलाशी बसले आणि टेबलाच्या खालच्या बाजूला धरलं.

भाऊजींचं कोपर टेबलावर असताना मी दहा वेळा बटण दाबलं. छोटी नऊ वेळा वळली. दहाव्या वेळी ते पान उलटत होते. मग मी त्यांना खुर्ची मागे घ्यायला सांगितली, पायाखाली काहीतरी पडलंय म्हणून. कोपर सुटलं. पुन्हा दहा वेळा दाबलं. छोटी एकदाही वळली नाही.

मी स्वयंपाकघरात गेले. ताई शेगडीपाशी होती, पाठमोरी. तिने आरशात मला बघितलं आणि आरशातच, एका हाताने, विचारलं, ‘कळलं तुला?’

मी हातातलं यंत्र पाठीमागे नेलं.

‘टेबलाखाली हात घालून काय करतेस ते मला दिसत नाही असं वाटलं?’

‘तुला कधी कळलं?’

तिने शेगडी बंद केली आणि वळली. ‘तिथेच. मी समोर बसले होते ना. तुम्ही सगळे काचेतून तिचं तोंड बघत होता. मी जन्मभर हातच बघत आलेय.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘कुणाला सांगू? बाईंना खुणा येत नाहीत. तुला सांगितलं असतं तर तू तिथल्या तिथे सांगून मोकळी झाली असतीस.’

ते खरं होतं.

‘ताई, शुक्रवारी यादी बंद होतेय. तुम्हाला नको असेल तर सरळ नको म्हणा. मी अवाक्षर काढणार नाही. पण चुकीच्या आकड्यावर...’

‘नको म्हणता आलं असतं तर म्हटलं असतं गं,’ ताई म्हणाली. ‘हो म्हणता आलं असतं तरी म्हटलं असतं. दोन्ही जमेना म्हणून तर आकडा मागितला.’ तिने ओले हात पुसले, मग कोरडे हात पुन्हा पुसले. ‘चार दिवस किती बरे गेले. तो वेडा शीळ घालत होता.’

मी काय करू, असं मी विचारलं. मी तिच्याहून नऊ वर्षांनी लहान आहे. असं काही विचारायची वेळ आली की मी अजून तेवढीच लहान आहे असं वाटतं.

‘सांग त्याला. आकडा तू सांगायचा ठरलंय.’

घुमणारे आवाज तिथल्या लाकडी जमिनीतून तुम्हाला कळले आणि तुमच्या बोटांनी ते छोटीला सांगितले, असं मी म्हटलं तेव्हा भाऊजी आधी हसले. ‘मी? मी पुतळ्यासारखा बसलो होतो.’

मी यंत्र टेबलाखाली धरलं. ‘कोपर टेकवा. हाताकडे बघा.’ छोटी त्यांच्या मांडीवर पेंगत होती. मी बटण दाबलं. त्यांची बोटं उचलली गेली, दोनदा आपटली. छोटीने झोपाळू डोळ्यांनी मान वळवली.

त्यांनी त्या बोटांकडे असं बघितलं, जसं ते कारखान्यात एखाद्या बिघडलेल्या गेजकडे बघतात. ‘पुन्हा.’ मी पुन्हा दाबलं. ‘पुन्हा.’ पाचव्या वेळी त्यांनी बोटं मुठीत आवळून धरली. मूठ हलली.

‘म्हणजे मी खोटं माप दिलं,’ ते म्हणाले.

‘तुम्हाला माहीत नव्हतं.’

‘माप खोटं ते खोटंच. काम परत जातं.’ छोटीला त्यांनी दुसऱ्या मांडीवर घेतलं, मग पुन्हा पहिल्या मांडीवर. ‘आता शून्य येईल?’

‘मोजल्याशिवाय कसं सांगू?’

‘तुझा अंदाज सांग.’

‘अंदाज नको, भाऊजी.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. अंदाज त्यांना मिळाला होता.

सोमवारी मी बाईंना भेटले. त्या आधी चिडल्या, मग त्यांनी स्वतःचे कागद पुन्हा बघितले, मग म्हणाल्या, ‘बारा वर्षं करतेय हे काम. माझ्या कसं नाही लक्षात आलं?’ गुरुवारी सकाळी दहाची वेळ मिळाली.

या वेळी छोटीसाठी उंच खुर्ची होती. त्या खुर्चीच्या चारही पायांखाली मी आमच्या कामावरचे जाड रबरी तुकडे घातले, यंत्रांखाली घालतो ते. भाऊजींनी बाहेर थांबावं असं ठरलं होतं, पण दार बंद होताच छोटी रडायला लागली. म्हणून त्यांची खुर्ची तिच्या शेजारी, हातभर अंतरावर ठेवली.

‘हात लावायचा नाही म्हणावं,’ बाई म्हणाल्या.

मी सांगितलं. भाऊजींनी आपले दोन्ही तळहात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसले.

ताई समोर ससा घेऊन होती. ती आणि भाऊजी एकाच शाळेत शिकले. तिथे बोलायला शिकवायच्या तासाला सगळ्या मुलांना असंच स्वतःच्या हातांवर बसवायचे, खुणा करू नयेत म्हणून. ताईने मला ते एकदाच सांगितलं होतं. तिच्या हातातला ससा खाली गेला. मग तिने तो पुन्हा वर धरला.

काचेअलीकडे मोठी माझ्या शेजारी स्टुलावर उभी होती. तिने माझी बाही ओढली. ‘वळली तर चांगलं, की नाही वळली तर चांगलं?’

‘थांब,’ मी म्हणाले. ‘मोजतेय.’

मी वहीत प्रत्येक आवाजापुढे रेघ मारली. बाईंनी त्यांच्या कागदावर वेगळी नोंद केली. शेवटी दोन्ही ताडून बघितल्या, जुळल्या.

सोडलेले आवाज चोवीस. अडीचशे हर्ट्झला नव्वद डेसिबलपर्यंत, पाचशेपासून वर शंभरपर्यंत. प्रतिसाद शून्य. आवाज चालू नसताना मान वळवली: तीन वेळा, तिन्ही वेळा वडिलांच्या हातांकडे.